चार आणे दारूचे



आज मी दारूवर बोलणार आहे. मागच्या रांगेतल्या माना लगेच वर झाल्या, त्या तशाच राहू द्या. हिमाचल, उत्तराखंड, जम्मूकडच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवणाऱ्या रानडाळिंबाला 'दारू' म्हणतात. फळ लहान, बी टणक आणि दाणा असा आंबट की दात आंबावेत. आपल्या अडतीत त्याचं क्रेट उतरवलं तर कुणी बोलीही लावणार नाही. तिकडची माणसं मात्र ते गोळा करतात, दाणे वाळवतात आणि अनारदाणा म्हणून विकतात.

हे बिनभावाचं झाड आपल्या सोलापुरी डाळिंबाच्या खानदानात आहे. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 साली सुरू झालं. तिथला 'सोलापूर लाल' हा संकरित वाण 2017 मध्ये आला. त्याची वंशावळ कागदावर गणितासारखी दिसते. आधी गणेश आणि नाना या डाळिंबांचा संकर, त्या संततीचा दारूशी, आणि त्यापुढच्या संततीचा भगवा वाणाशी. आण्यांत मांडतो, म्हणजे सोपं जाईल. रुपयातले आठ आणे भगव्याचे, चार आणे दारूचे, दोन गणेशचे, दोन नानाचे. नाना म्हणजे कुंडीत शोभेला लावतात ते बुटकं डाळिंब. गावातले नाना नव्हेत. शिवाय भगवासुद्धा गणेश आणि रशियन गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून राहुरीला निवडलेला. म्हणजे फळसंशोधक डॉ. चीमांनी 1936 मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीत आळंदी वाणातून गणेशचं जे झाड वेचलं, ते या घरात दोन दारांनी शिरलं आहे.

सोलापूर लालच्या फळात काय उतरलं? शंभर ग्रॅम ताज्या दाण्यांत लोह 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम. गणेशमध्ये ते 2.7 ते 3.2 असतं. जस्त आणि क जीवनसत्त्वही वाढलं. पण अडत्या फळ हातात घेतो तेव्हा रंग बघतो, वजन बघतो. लोहाला भाव नाही, म्हणून बहुतेक बागा अजून भगव्याच्याच. यात शेतकऱ्याला दोष देण्याची आम्हा संशोधकांची सवय मला पटत नाही. कर्ज त्याच्या नावावर असतं.

माझी काळजी वेगळी आहे. आपण डाळिंब गुटीनं वाढवतो. गुटी म्हणजे त्याच झाडाची फांदी, जमिनीत दुसरीकडे उभी केलेली. माळशिरसची बाग आणि सांगोल्याची बाग, दोन्ही भगव्याच्या असतील तर वंशानं ते एकच झाड. तेल्या रोगाला एका झाडावर जे साधलं, ते सगळीकडे साधतं. वर रोगट गुटीबरोबर आपणच त्याला नव्या बागेत पोचवतो. दारू मात्र बियांतून उगवते, तिथे प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा. म्हणून पैदासकाराला रान लागतं.

रानातल्या झाडाशी संकर करायचा म्हटला की बटाट्यावर काम करणाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही. लागवडीच्या बटाट्यात 48 गुणसूत्रं, पुष्कळ रानजातींत 24. थेट संकरात बहुधा बी भरत नाही, कधी मध्ये तिसरी जात पुलासारखी घालावी लागते. दारू आणि भगवा एकाच जातीचे. कळी उमलण्याआधी पुंकेसर चिमट्यानं काढायचे, पिशवी बांधायची, मग पराग लावायचा. सोयरीक सहज जुळते. आमचं काम जमतं-बिघडतं ते लग्नानंतर. एका फळात शेकडो बिया, प्रत्येक रोप वेगळं, आणि दारूचा आंबटपणा, टणक बी, लहान फळ हे सगळं वऱ्हाडासारखं मागोमाग येतं. पहिली फळं दिसायला दोन-तीन वर्षं, आणि मग बहुतेक झाडं उपटायची. उपटण्यासाठी वाढवणं हाच आमचा धंदा.

बटाटेवाल्यांची एक ठेच मात्र आपण उसनी घ्यावी. मेक्सिकोच्या सोलॅनम डेमिसम या रानजातीतून त्यांनी करपा रोगाविरुद्धची जनुकं आणली. एकेका जनुकावर उभी केलेली ती तटबंदी करप्यानं एकामागून एक फोडली. तेव्हा दारूच्या एका झाडावर तेल्या कमी दिसला म्हणून आपण गुलाल उधळायला नको. अनेक डोंगरांवरची अनेक झाडं हवीत, आणि रस्त्यासाठी, घरांसाठी तिकडचे उतार खोदले जाण्याआधी हवीत.

आता त्या आंबटपणाबद्दल. आम्ही तो वर्षानुवर्षं अवगुण म्हणून काढत होतो. केगावनं त्याच आंबटपणासाठी 'सोलापूर अनारदाणा' हा वाण दिला. दाणे वाळवायला लागणाऱ्या उन्हाची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. दुपारच्या सत्रात वाळवणीवर चर्चा आहे. जेवून झोप आली तरी तेवढं ऐकून जा.