फोटो कोणी उघडायचा?

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. इथल्या आणि लालबाग-परळच्या मंडळांकडे जुने फोटो खूप. ते स्कॅन करून संगणकात ठेवतात, हे उत्तमच. पण एखाद्या संगणकावर फोटोला डबल क्लिक केलं की ‘पेंट’ उघडतो. नुसतं बघायला बसलेला कार्यकर्ता हौसेनं कडा कापतो, ‘सेव्ह’ दाबतो आणि मूळ फोटो जातो! शिवाय जेपीजी बदलून सेव्ह केला की दर वेळी थोडा तपशील झडतो.

विंडोज ११ मध्ये फोटोवर राइट क्लिक करा, ‘ओपन विथ’मधून ‘चूज अनदर ॲप’, मग ‘फोटोज’ निवडून ‘ऑलवेज’. फाइल तीच राहते, उघडणारा बदलतो. जेपीजी आणि टिफ यांना मात्र हे वेगवेगळं सांगावं लागतं.