पिल्लाचे दात आणि आपले हात

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या सभासदांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रम समितीने मला विषय विचारला, तेव्हा त्यांना वाटलं असणार की हे बँकवाले, म्हणजे नॉमिनेशन, वारसनोंद, मुदत ठेवी असं काहीतरी बोलतील. मी म्हटलं, कुत्र्याच्या पिल्लाच्या दातांवर बोलतो. समितीतले दोघे हसले. हसू द्या. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडलं, ते एकदा सर्वांसमोर सांगून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं. मी काही प्राण्यांचा डॉक्टर नाही. स्वतःचा अनुभव आणि डॉक्टरांकडून जे ऐकलं, शिकलो, तेवढंच सांगतो.

पंपरूमच्या मागे कुत्री व्याली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चार पिल्लं होती. पिल्लं जेमतेम पाच-सहा आठवड्यांची असताना ती बिचारी रस्त्यावर गाडीखाली गेली. तीन पिल्लं कोणी कोणी नेली आणि चौथं आमचा नातू शर्टाच्या आत घालून घरी घेऊन आला. मी विरोध केला. घरात माझ्या विरोधाला जेवढी किंमत असते, तेवढी याही वेळी मिळाली. नातवाने त्याचं नाव ब्रुनो ठेवलं, आमच्या हिने मोती. तो दोन्ही नावांना ओ देत नसे.

पहिला पंधरवडा कौतुकात गेला. मी खुर्चीत बसून त्याच्यापुढे बोटं नाचवायचो, तो ती तोंडात धरायचा आणि सगळे हसायचे. नातू पाय हलवायचा, तो पायमोज्याला लोंबकळायचा. त्यानंतर मात्र हसू मावळलं. सूनबाईंची ओढणी, हिच्या साडीचा पदर, माझ्या लेंग्याची नाडी, खुर्चीचा पाय, मोबाईलच्या चार्जरची वायर, काही म्हणजे काही सुटेना. ते दात सुईसारखे असतात हो! हिच्या हातांवर लाल रेघाच रेघा. त्यात ही रक्त पातळ होण्याची गोळी घेते. जरा ओरखडा उठला की रक्त लवकर थांबत नाही. मी एक दिवस वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या नाकावर हाणली. परिणाम काय झाला? माझा हात दिसला की तो आधी दबून बसायचा आणि मग दुप्पट जोराने धरायचा.

डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी आमचीच शाळा घेतली. म्हणाले, "आजोबा, हा द्वाड नाही, लहान आहे." पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात, म्हणून सापडेल ते चावावंसं वाटतं. आपल्या नातवंडांनी दात येताना पाळण्याचा कठडा चावलेला आपण पाहिलाच आहे. शिवाय पिल्लाला हात नाहीत. कोणतीही वस्तू काय आहे, हे ते तोंडानेच बघतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार पटली. पिल्लं एकमेकांशी खेळताना चावतात. जास्त जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. आईही फार झालं की उठून जाते. त्यातून पिल्लू शिकतं की दात किती लावायचे. हे शिक्षण साधारण आठ आठवड्यांपर्यंत भावंडांत चालतं. आमच्याकडचं त्याआधीच आईवेगळं आणि भावंडांवेगळं झालेलं. म्हणजे त्याची शाळा अर्धवट सुटली होती. ती आम्ही पुरी करायची, तर आम्ही बोटं नाचवून त्याला नेमकं उलटं शिकवलं होतं. हात म्हणजे खेळणं, हे त्याला मीच शिकवलं.

आता ज्या रविवारसाठी मी उभा राहिलो आहे, तो सांगतो.

पिल्लू तेव्हा तीन महिन्यांच्या आत-बाहेर होतं. संध्याकाळी मी त्याला घेऊन जिना उतरत होतो. गळ्यात पट्टा नव्हता, "एवढंसं तर आहे" म्हणून. खालच्या मजल्यावरची सहा वर्षांची मुलगी धावत वर येत होती. तिला पाहून तो उसळला, ती किंचाळून पळाली, तो मागे धावला आणि तिच्या पोटरीला दात लागला. रक्ताचा एक थेंब, फार तर दोन. तिची आई दार उघडून बाहेर आली. तिने मला एकच प्रश्न विचारला, "काका, याला रेबीजची लस दिली आहे ना?"

मी म्हणालो, "हो हो, सगळ्या लशी झाल्यात. आणि दुधाचे दात आहेत, त्याने काही होत नाही."

आमच्या हिने हळद आणून लावली. विषय मिटला.

रात्री मला झोप लागेना. आयुष्यभर समोरचा कागद पाहिल्याशिवाय मी सही केली नाही आणि इथे एका मुलीच्या जिवाच्या प्रश्नावर न बघता "हो" म्हणून मोकळा झालो होतो. उठलो, कपाटातून लशीचं कार्ड काढलं. बाकीच्या रकान्यांत शिक्के होते. रेबीजचा रकाना कोरा. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. आमची तारीख पुढच्या शनिवारची होती.

अकरा वाजून गेले होते. ही म्हणाली, सकाळी सांगा. मला मनातून तेच हवं होतं. पण सकाळी कदाचित मी सांगितलंच नसतं, हेही मला ठाऊक होतं. खाली गेलो आणि बेल वाजवली. दार तिच्या वडिलांनी उघडलं. मी म्हणालो, "मी खोटं बोललो. लस दिलेली नाही."

ते काही बोलले नाहीत, आत गेले. झोपलेल्या मुलीला उठवलं. तिची जखम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतली. हळद धुऊन निघाली. हे खरं तर मी जिन्यातच, पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं. सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखमेत आणि तिच्याभोवती एक इंजेक्शन टोचलं आणि दंडात लशीचा पहिला डोस दिला. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस ते शून्य धरतात. प्रत्येक वेळी मी बरोबर गेलो. ती मुलगी सुई टोचताना माझ्याकडे बघायची. मला त्या नजरेला नजर देता यायची नाही.

मंडळी, दुधाचे दात म्हणून काही होत नाही, हा समज आपल्यातल्या पुष्कळांचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. रेबीज लाळेतून होतो. दात दुधाचा की पक्का, याला अर्थ नाही. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. माणसात एकदा लक्षणं दिसू लागली की मग जवळजवळ उपाय नाही. आणि लक्षणांच्या आधी वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. म्हणून ओरखडा असो की चावा, साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टर. सुया किती आणि कधी, हे डॉक्टर ठरवतील. आपण नाही.

पिल्लावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं होतं. त्या दहा दिवसांत मी रोज सकाळी आधी त्याची वाटी बघायचो. खाल्लं का, पाणी प्यायलं का. मुलीची आई रोज वर यायची आणि दाराच्या जाळीतून त्याला बघून जायची. आत या म्हणण्याचा धीर मला सहाव्या दिवशी झाला. त्या आत आल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. अकराव्या दिवशीही मोती ठणठणीत होता. संस्थेकडे त्यांनी तक्रार लिहिली होती, ती योग्यच होती. मी कमिटीसमोर जाऊन तिच्यातला शब्द न् शब्द मान्य केला. तेव्हापासून लशीच्या कार्डाची झेरॉक्स संस्थेच्या फाइलला लावायची आणि जिन्यात-लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा, हा नियम झाला. तो माझ्यामुळे झाला, हे माझ्या नावावर जमा असू द्या.

घरात कुत्रा राहू द्यायचा की नाही, यावरही त्या दिवसांत वाद झाले. मी स्वतःच म्हणत होतो, देऊन टाकू. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने कळ काढा, पण घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळा. आम्ही काय केलं ते सांगतो. ज्यांच्या घरी पिल्लू आहे किंवा येणार आहे, त्यांना उपयोग होईल.

हात आणि पाय खेळायला द्यायचे नाहीत, हे पहिलं. दात लागला की न ओरडता, न मारता, शांत आवाजात "बस" म्हणायचं आणि खेळ तिथेच थांबवायचा. हात हिसकायचा नाही, हिसकला की त्याला तो खेळच वाटतो. ऐकलं नाही तर आपण उठून अर्धा-एक मिनिट दाराआड जायचं. शब्द सगळ्यांचा एकच. आमच्याकडे मी "बस", नातू "नो" आणि ही "अरे बाळा, असं नाही करू" म्हणायची. त्या बिचाऱ्याने समजायचं काय?

दुसरं, चावू नको म्हणताना काय चाव हेही द्यायला हवं. जुना टॉवेल ओला करून पिळायचा, गाठ मारायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा. थंडाव्याने हिरड्यांना बरं वाटतं. समोर बसून जाडसर गार गाजर द्यायचं. रबराचं खेळणं नखाने दबेल इतपत मऊ हवं. शिजवलेलं हाड देऊ नये, त्याच्या कपच्या निघून घशात, पोटात टोचतात. जुनी चप्पलही देऊ नये. जुनी कुठली आणि लग्नाला घालायची कुठली, हे त्याला कळत नाही. वायरी उचलून ठेवाव्यात. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट त्याच्या तोंडी लागू देऊ नये, ते कुत्र्याला बाधतं. आणि दात दुखतोय म्हणून आपल्या डब्यातली गोळी तर मुळीच देऊ नये.

तिसरं म्हणजे झोप. एवढी लहान पिल्लं दिवसातले अठरा-अठरा तास झोपतात. आमच्याकडे संध्याकाळी सात-साडेसातला त्याच्या अंगात यायचं. तो खोडकर नव्हता, पेंगुळलेला होता. दिवाणाखाली गोणपाट घालून त्याची जागा केली. तिथे तो असला की त्याला कोणी हात लावायचा नाही. निम्मं चावणं तेवढ्यानेच कमी झालं.

आणि मुलांसाठी. पिल्लू अंगावर आलं तर पळू नका, किंचाळू नका. हाताची घडी घालून झाडासारखं उभं राहा. झाडाशी खेळण्यात त्याला मजा येत नाही.

टॉवेलवर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका, दात पडत असतो. बहुतेक दात पिल्लू गिळून टाकतं, त्याने अपाय होत नाही. मात्र सात महिन्यांनंतरही नव्या दाताशेजारी दुधाचा दात तसाच असेल, किंवा ते खाण्यावर कोणी आलं की अंग ताठ करून गुरगुरत असेल, तर त्याला वयाचा खेळ समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

आम्हाला मोतीचा एकच दात सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. हिने तो टिकल्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला. पुढे एक दिवस ती खालची मुलगी आईचा हात धरून वर आली, तेव्हा हिने डबी उघडून तिला दाखवली. मुलीने बराच वेळ पाहिलं, मग स्वतःचा ओठ वर करून हलणारा दात मला दाखवला आणि म्हणाली, "माझापण पडणार आहे." मोती शेपूट हलवत पुढे आला. मी पट्टा धरायला वाकलो, तोवर ती हाताची घडी घालून झाड झाली होती. तो बसला. ती "बस" म्हणाली, तो बसल्यावर.

आता तो दीड वर्षाचा आहे. हिच्या हातातून बिस्किट घेतो, तर ओठ लागतात, दात लागत नाही.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. उद्या घरी गेल्यावर आपापल्या कुत्र्याचं कार्ड एकदा उघडून बघा, एवढी विनंती.