गिझर, पाना आणि आपण

(माकणी येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या दिवाळीनंतर आमचा गिझर खालून गळायला लागला. ज्यानं बसवला होता त्याला चार निरोप धाडले. पाचव्याला आला आणि दारातूनच म्हणाला, "घरात कुणी माणूस नाही का?" मी समोरच उभी होते! मालक कामाला पुण्यात. तो गेला तो गेलाच.

मग तीन आठवडे चुलीवर हंडा. पहाटे उठून तुराट्या पेटवायच्या, धूर खायचा, उकळतं पाणी न्हाणीत न्यायचं, विसण घालायचं. सगळ्यांचं झालं की आपल्या वाट्याला कोमट. गिझर आला की बाईचं काम यंत्राकडे गेलं असं आपण म्हणतो. यंत्र बंद पडलं की ते कुणाच्या डोक्यावर परत येतं, ते मला तेव्हा कळलं. एक दिवस हंडा निसटला, पाय भाजला. त्या दिवशी ठरवलं.

माझी भाची आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स शिकली आहे. ती शेजारी उभी राहिली, हात मात्र माझे. आधी मेन स्विच बंद, मग गिझरचा प्लगच काढून घेतला. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबायचं नाही, हे तिनं बजावलं. थंड पाण्याचा कॉक बंद करून, गरम नळ उघडा ठेवून टाकी रिकामी केली. पंधरा लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो. भरलेली टाकी उतरवायला गेलात तर कंबरच मोडेल.

उघडून बघते तर कॉइलवर चुन्यासारखा जाड थर. तेरणेचं धरण गावाच्या उशाशी, पण आमच्या न्हाणीत येतं ते बोअरचं जड पाणी. क्षार बसले की कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती तापून तापून फुटते. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंज लागू देत नाही. आमची झिजून नुसती तार उरली होती. दोन वर्षांतून एकदा ती बघावी, हे बसवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं.

नवा गिझर दोघींनी मिळून टांगला. निळ्या खुणेला थंड पाणी, लाल खुणेला गरम. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटा फिरतो त्याच दिशेनं गुंडाळायची. मी पहिल्यांदा उलटी गुंडाळली, सगळं गळालं, पुन्हा केलं. थंड बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातून थेंब पडतात म्हणून त्याचं तोंड कधी बुजवू नका, दाब वाढून टाकी फुटू शकते. गरम नळातून हवा न येता सलग धार लागली, सांधे कोरडे दिसले, मगच बटण. कोरड्या टाकीत कॉइल जळते.

एक काम मात्र मी केलं नाही. दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि पक्कं अर्थिंग हवं. आमचं अर्थिंग तुटलेलं निघालं. ते परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं, तोवर बटण दाबलं नाही. ओल्या अंगानं आपणच त्या नळाला हात लावतो ना?

आता काहीजणी म्हणतील, घरातली सगळी कामं आपली, त्यात हे आणखी एक कशाला? प्रश्न बरोबर आहे. मलाही तो बोचला. म्हणून दुसऱ्या दिवशी टाकीची सगळी उघडझाप मुलाला शिकवली, आणि मुलीलाही. पण त्या तीन आठवड्यांत हंडा उचलताना मला कुणी विचारलं नव्हतं की हे काम बाईचं आहे का. पाना हातात घेतला तेव्हा गल्लीतल्या तिघांनी विचारलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत आपल्याच बायका संवाद सहायक झाल्या. घराच्या दुरुस्तीत पैसा कसा, सिमेंट किती, भिंत मजबूत कशी करायची, हे त्यांनी गावाला समजावलं. आपल्या जिल्ह्याला बाईनं बांधकामाचं बोललेलं नवं नाही. न्हाणीतल्या टाकीशी मात्र आपण अजून थबकतो.

जुनी टाकी मी पोत्यात घालून आणली आहे. कॉइल, कांडी, व्हॉल्व्ह सगळं सुटं केलंय. पाने दोन आहेत. चहा येईपर्यंत पुढं या, एकेकीनं एकदा उघडून परत बसवून बघा.