मेल गेला, पण पोचला का? एसपीएफ, डीकिम आणि डीमार्कची गोष्ट

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलंय, त्यावर मेल सुरू केलाय आणि तरी समोरचा म्हणतो, "अरे, स्पॅममध्ये गेला होता तुझा मेल."

समजा, मुलुंडला स्टेशनजवळ टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. तीन माणसं, मेल गूगल वर्कस्पेसवर. महिन्याची १८ तारीख. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख २०. ऑफिसातून भांडुपच्या एका फॅब्रिकेशनवाल्याला मेल जातो, "चलन जोडलंय, आज पैसे भरा." मेल त्याच्या स्पॅममध्ये. २० तारीख उलटते. लेट फी दिवसाला ५० रुपये, राहिलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के दराने व्याज, आणि वर भांडण. "तुम्ही पाठवलंच नाही." "पाठवलं हो, सेंटमध्ये दिसतंय ना!" गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत.

असं का होतं? मेल ज्या पद्धतीने धावतो, तो एसएमटीपी नावाचा नियम १९८२ सालचा. तेव्हा नेटवर्कवर मोजकी, ओळखीची माणसं. त्यामुळे 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहा, कोणी विचारत नव्हतं. आजही तेच आहे. तुमच्या डोमेनचं नाव लावून दुसरा कोणीही मेल पाठवू शकतो. म्हणून जीमेल ओळख मागतो, आणि ती मिळाली नाही की संशय घेतो.

आता सोसायटीचं गेट डोळ्यासमोर आणा.

एसपीएफ म्हणजे वॉचमनकडची यादी. 'आमच्या नावाने फक्त या सर्व्हरकडूनच मेल येतील,' असं तुम्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये एका ओळीत लिहून ठेवता. ही टीएक्सटी प्रकारची नोंद असते. वर्कस्पेस असेल तर त्यात गूगलचं 'इन्क्लूड' येतं. इथे सगळ्यात जास्त होणारी गडबड सांगतो. न्यूजलेटरसाठी दुसरी सर्व्हिस घेतली की लोक दुसरी एसपीएफ नोंद टाकतात. एका डोमेनला एसपीएफ एकच हवं! दोन झाली की तपासणीच फेल. नवं नाव जुन्याच ओळीत जोडायचं. आणि ही यादी तपासताना डीएनएसच्या १० चौकश्यांची मर्यादा असते, त्यामुळे दिसेल ती सर्व्हिस त्यात कोंबू नका.

डीकिम म्हणजे पाकिटावरचं सील. पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतो, आणि ती ताडून बघायची चावी तुमच्या डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर सील तुटलेलं दिसतं. वर्कस्पेसमध्ये अॅडमिन कन्सोलमधून २०४८ बिटची चावी बनवा, डीएनएसमध्ये टाका आणि थांबा, कधीकधी ४८ तास लागतात. मग परत कन्सोलवर येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचं. चावी टाकून हे बटण न दाबलेली ऑफिसं भरपूर सापडतील.

तिसरं डीमार्क, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. एसपीएफ पाकिटावरचा आतला परतीचा पत्ता तपासतं. आपल्याला मोबाईलवर दिसतं ते नाव वेगळंच असू शकतं. म्हणजे चोर स्वतःच्या डोमेनचं एसपीएफ पास करून दिसणाऱ्या जागी तुमचं नाव लावू शकतो. डीमार्क म्हणतं, दिसणारं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकिममध्ये पास झालेलं डोमेन जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर काय करायचं, ते तुम्ही सांगता: 'नन' म्हणजे फक्त बघा, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, 'रिजेक्ट' म्हणजे गेटवरूनच परत. पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावू नका! बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा फॉर्म, कुठून कुठून आपल्या नावाने मेल जातात ते आपल्यालाच आठवत नसतं. 'नन'वर ठेवा, रिपोर्टसाठी एक पत्ता द्या, काही आठवडे रिपोर्ट वाचा, मग पुढे सरका.

हे सगळं टाकायचं कुठे? डोमेन एका कंपनीकडून, मेल दुसरीकडून, वेबसाइट तिसऱ्याकडे असं असतं. ज्याचे नेमसर्व्हर लावलेत, त्याच्याच पॅनलमध्ये नोंदी करा. बाकी ठिकाणी टाकून काही होत नाही. बरं, डोमेनचा धंदा आपल्याला परका नाही. बिगरॉक ज्या डायरेक्टीतून आलं, ती भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ साली सुरू केली आणि तिचं ऑफिस अंधेरी पूर्वेला जुन्या नागरदास रोडवर. २०१४ मध्ये बिगरॉक अमेरिकेच्या एन्ड्युरन्सकडे गेलं.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी हव्यात, शिवाय प्रमोशनच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब. छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम यांतलं एक तरी लागतंच. आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणजे विकत घेतलेल्या यादीवर 'सर जी, वेबसाइट बनवायची का?' पाठवत राहिलात, तर तिन्ही नोंदी हिरव्या असूनही स्पॅममध्येच जाल. नोंदी ओळख पटवतात, वागणुकीची हमी देत नाहीत.

डीमार्क एका गोष्टीला मात्र थांबवू शकत नाही: मिळतंजुळतं डोमेन. एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनचं एसपीएफही पास होतं, कारण ते त्याचं स्वतःचं असतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ते नाव बँकांनाच मिळतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. ऑफिसच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. लॅपटॉपवर तो उघडा, तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' दाबा. वर एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा ओळी दिसतील, पुढे 'पास' किंवा 'फेल'. एखादी ओळच नसेल, तर ती नोंद बहुतेक टाकलेलीच नाही. स्क्रीनशॉट काढून कमेंटमध्ये टाका, फक्त पत्ते झाका. पुढच्या भागात डीमार्कचा रिपोर्ट वाचायला बसू.