पाळीचा हिशेब आणि नवऱ्याची तपासणी

लग्नाला वर्ष झालं की "काही विशेष?" अशी विचारणा सुरू होते. दवाखान्याच्या फेऱ्या मात्र एकट्या सुनेच्या. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी सोपी, न दुखणारी. ती सुरुवातीलाच करावी.

आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच बायका, कित्येक निरक्षर, तिथं आरोग्यसेविका झाल्या. त्यांना ते काम जमलं, तर दिवस राहण्यासाठी पाळीचा हिशेब ठेवणं आपल्यालाही जमेल.

स्त्रीबीज सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. पाळी 28 दिवसांनी येत असेल, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून चौदाव्या दिवसाच्या आसपास. 32 दिवसांनी येत असेल, तर अठराव्या. अंगावरून जाणारा स्राव तेव्हा अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा, तार धरणारा होतो. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच-सहा दिवस मोलाचे. दिवसाआड संबंध पुरे.

फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यावी. तिनं मिश्री सोडावी, त्यानं तंबाखू. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा आज पुडी फेकली म्हणून उद्याच गुण येणार नाही! वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर डॉक्टर गाठा; बाईची पस्तिशी उलटली असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर सहा महिन्यांच्या आतच. आणि जाताना दोघं जा.