अनेक सर्व्हर, एकच ओळख

जानेवारी २००० मध्ये धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. जिल्हा पंचायतीच्या कचेरीत मध्यवर्ती संगणक, म्हणजे सर्व्हर, बसविण्यात आला व गावोगावची सूचनालये दूरध्वनीच्या तारेने त्यास जोडण्यात आली. मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, दाखल्यांचे अर्ज, तक्रारी ही कामे गावातूनच होऊ लागली. त्याच वर्षी योजनेस स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार लाभला. सर्व्हर एकच असला म्हणजे आलेल्या माणसाची ओळख कोठे ठेवावी, हा प्रश्न उद्भवत नाही.

तो उद्भवतो सर्व्हर अनेक झाल्यावर. वेबची मूळ पद्धत विसराळू आहे. प्रत्येक मागणी तिला नवीच वाटते. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ योजिली. कुकी म्हणजे ग्राहकाच्या हाती दिलेला बिल्ला. बिल्ल्यावर बहुधा केवळ क्रमांक असतो. माहिती सर्व्हरच्या दफ्तरात राहते. पुढची मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे वळली, तर तेथे तो क्रमांक कोणास ठाऊक? अर्धा भरलेला अर्ज जातो, आणि त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेला शेतकरी पुन्हा आरंभापासून बसतो.

देवासकरांना हे निराळे सांगावयास नको. थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत एकाच शहरात नांदली. शहर एक, दफ्तरे दोन!

यावर पहिला उपाय, एका माणसास नेहमी एकाच सर्व्हरकडे धाडणे. तो सोपा खरा. परंतु तो सर्व्हर बंद पडताच त्याच्याकडील सर्वांची ओळख पुसली जाते. दुसरा, सर्व सर्व्हरांनी एकच सामाईक दफ्तर वापरणे. हाच बहुधा श्रेयस्कर. मात्र त्या दफ्तराची दुसरी प्रत सिद्ध हवी. तिसऱ्या उपायात माहिती बिल्ल्यावरच लिहून तीवर गुप्त किल्लीने मोहोर उमटवितात. येथे प्रत्येक सर्व्हरवर किल्ली तीच हवी. एकावर जरी जुनी राहिली, तरी लॉगिन एकदा चालते, एकदा चालत नाही. आणि कचेरीत दोष मात्र तारेला दिला जातो. घड्याळे जुळलेली नसतील, तर वैध बिल्लाही मुदतबाह्य ठरतो.

कुकीचे नाव व तिचे क्षेत्र, म्हणजे डोमेन, हेही सर्वत्र सारखे असावे लागते. दोन जिल्ह्यांची संकेतस्थळे एकाच मुख्य नावाखाली असल्यास त्या मुख्य नावाची कुकी दोहोंस चालते. पण मग ती त्या नावाखालील प्रत्येक स्थळास मिळते, दुर्लक्षित स्थळासही. क्षेत्र उगाच विस्तारणे म्हणजे वाड्याची किल्ली गल्लीभर वाटणे होय.

सार्वजनिक केंद्रात आणखी दक्षता हवी. एक माणूस उठून दुसरा बसतो. पहिल्याचा बिल्ला संगणकातच राहिला, तर त्याचे सातबारा-खसरे दुसऱ्यापुढे उघडे पडतात. मोहोरेचा बिल्ला मुदतीपूर्वी रद्द करणे कठीण. सामाईक दफ्तरातील नोंद मात्र तत्काळ खोडता येते. म्हणून अशा केंद्रांसाठी सामाईक दफ्तर, अल्प मुदत आणि प्रत्येक माणसामागे चालकाने स्वतः केलेले लॉगआउट ही व्यवस्था ठेवावी.