थरांवरून माग

किल्लारीचें नांव निघतांच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणेशविसर्जन आटोपून गांव निजलें होतें, आणि चार वाजण्याच्या सुमारास दगडमातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. या भूकंपाचें मूळ शोधण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं पुढें तेथें ६१७ मीटर खोल विवर पाडलें. वरचे सुमारें ३३८ मीटर लाव्ह्याचे एकावर एक रचलेले थर, त्यांखालीं थोडा गाळ आणि मग अतिप्राचीन खडक, असें त्यांना आढळलें. खालीं उतरावें तसतसा काळ मागें जातो. थरावर नांव मात्र कोरलेलें नसतें. बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला माथा, आंतील घट्ट गाभा, कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा, अशा खुणांवरूनच एक थर कोठें संपला हें ताडावें लागतें.

संगणकाच्या स्मृतींतहि असाच थरांचा ढीग असतो. त्यास स्टॅक म्हणतात. बिघडलेल्या प्रोग्रामचा माग काढणारा डीबगर या ढिगांतील एकेक थर, म्हणजे फ्रेम, ओळखीत मागें मागें जातो.

हे थर सांचतात कसे? गृहिणी पुरण वाटीत असतां दारावर थाप पडते. ती हातचें काम ठेवून दार उघडते. पाहुणा पाणी मागतो, म्हणून ती माठाकडे वळते. पाणी देऊन झालें कीं पाहुण्याकडे, आणि तेथून पुन्हां पुरणाकडे. शेवटीं हातीं घेतलेलें काम प्रथम पुरें होतें. प्रोग्रामांतील एक फंक्शन दुसऱ्यास बोलावतें तेव्हां नेमकें हेंच घडतें. ॲलन ट्यूरिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या यंत्राच्या आराखड्यांत परतीची जागा अशी ‘पुरून’ ठेवण्याची योजना केली होती. फ्रेममध्यें त्या फंक्शनचीं तात्पुरतीं मूल्यें आणि परतीचा पत्ता असतो. बहुधा आधींच्या फ्रेमचा ठिकाणाहि तेथेंच नोंदलेला असतो. त्या ठिकाणांची सांखळी धरून डीबगर चालतो.

परंतु फ्रेमची ओळख कशी ठरवावी? प्रोग्राम या क्षणीं ज्या आज्ञेवर उभा आहे तिच्यावरून म्हणावें, तर ती पावलागणिक बदलते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं रचलेल्या जीडीबी या डीबगरानें, पुढें वाढत जातां, दोन पत्त्यांची जोडी पत्करली: फ्रेमचें स्टॅकमधील स्थान आणि फंक्शनच्या आरंभाचा पत्ता. एकच पुरला नसता काय? नसता. स्वतःलाच पुन्हां पुन्हां बोलावणाऱ्या फंक्शनच्या पांच फ्रेम असल्या तर आरंभाचा पत्ता पांचांचाहि एकच. स्थान तेवढें वेगळें. उलट, एक फंक्शन संपून दुसरें त्याच जागीं आलें तर स्थान एक, आरंभ वेगळा. हें फंक्शन पुरें होईपर्यंत चाल, अशी आज्ञा मिळाल्यावर डीबगर परतीच्या पत्त्यावर पहारा बसवितो. पण त्याच पत्त्यावर आंतली आवृत्तिहि परतते. तेव्हां तो ओळख ताडून पाहतो, आणि जुळली नाहीं तर प्रोग्रामला पुढें जाऊं देतो. तेंच फंक्शन संपून पुन्हां त्याच जागीं आलें, तर मात्र ही जोडी त्यास नवें म्हणून ओळखूं शकत नाहीं. ही उणीव खरीच.

कंपायलर पुष्कळदां वेग वाढविण्यासाठीं फ्रेमच्या ठिकाणाची नोंदच वगळतो. तांबडा पट्टाच नाहींसा होतो! अशा वेळीं कंपायलरनेंच लिहून ठेवलेला तक्ता उपयोगी पडतो. कोणत्या आज्ञेवर असतां आधींची फ्रेम किती अंतरावर आहे आणि कोणतें मूल्य कोठें जपलें आहे, हें त्यावरून कळतें. फ्रेमची मांडणी प्रत्येक प्रोसेसरागणिक निराळी. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीनें हिताची, पुढें रेनेसास, यांच्या एसएच व एच८ प्रोसेसरांसाठीं जीएनयू कंपायलर व डीबगर यांचे संच जुळवून दिले, त्या कामांत हा किचकट भाग होताच.

खरी कसोटी स्टॅकच बिघडला म्हणजे लागते. एखादें फंक्शन आपल्या जागेबाहेर लिहितें आणि परतीचा पत्ता पुसून जातो. आतां डीबगर त्या भलत्या पत्त्यावर विश्वासला तर तो एक दिसण्यांत सरळ, पण सर्वस्वीं खोटी वंशावळ सांगेल, आणि अभियंता निर्दोष फंक्शनची उलथापालथ करीत बसेल. म्हणून मागची फ्रेम हीच फ्रेम निघाली, किंवा ती उलट आंतल्या बाजूस सरकलेली दिसली, तर जीडीबी स्टॅक बिघडल्याची शंका नोंदवून तेथेंच थांबतो. तेथून पुढें अभियंत्यास स्मृतींतील आंकडे हातानें चाळून, प्रोग्रामच्या आज्ञांच्या टापूंत पडणारे पत्ते वेंचावे लागतात. त्यांतहि कित्येक, केव्हांच परतून गेलेल्या फंक्शनांनीं मागें ठेवलेले असतात.